केंब्रिजमध्ये भाऊकाकांची रांगोळी

आमच्या घरात एखाद्या कामाला फार वेळ लागला की कुणीतरी हमखास विचारतं, "भाऊकाकांची रांगोळी झाली का?" बाबा पासबुक छापून घ्यायला बँकेत गेले आणि दोन तास आलेच नाहीत, की आई हेच म्हणते. ताईचं आवरणं संपत नसलं की जिजाजीही हेच म्हणतात. त्यांनी तर ती रांगोळी पाहिलेलीही नाही. मीही पाहिली नव्हती, कारण ती माझ्या जन्माच्या आधीची. गेल्या उन्हाळ्यात ती मी पाहिली, तीही वडोदऱ्यापासून हजारो मैलांवर, इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये.

आधी मूळ गोष्ट सांगतो. भाऊकाका म्हणजे बाबांचे थोरले बंधू. कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात होते. केंब्रिजच्या सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावानं आपल्याकडे आणला. काकांनी बोनसच्या पैशांतून तो घेतला. काकूंना शिलाई मशीन हवं होतं. हा विषय आमच्या घरात अजून पूर्ण मिटलेला नाही.

१९८८ च्या गणेशोत्सवात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात काकांनी जाहीर केलं की यंदा गणपतीपुढे संगणक रांगोळी काढणार. संगणक टीव्हीला जोडला, बाजूला पाटी लावली. आरती झाली, माणसं जमली, काकांनी कळ दाबली. पडद्यावर एक ठिपका आला, मग दुसरा, मग तिसरा. लोकांनी जरा वेळ पाहिलं, प्रसाद घेतला आणि घरी गेले. रांगोळी पूर्ण झाली तेव्हा समोर काका आणि मंडपाचा राखणदार एवढेच उरले होते. म्हण तेव्हापासूनची.

पुढच्या वर्षी काका पुन्हा प्रयत्न करणार होते. पण ऐन वेळी त्यांनी "मशीन बिघडलं" म्हणून सांगितलं आणि विषय संपला. त्या वर्षभरात ते एका वहीत नुसते आकडे लिहीत बसायचे. आजीला वाटलं, मुलगा मटक्याच्या नादी लागला. तिनं नवसही बोलला होता म्हणे.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना ती वही निघाली. बाबा म्हणाले, "ही बघ मटक्याची वही." मी ती मागून घेतली. पुढे उन्हाळ्यात कंपनीच्या कामासाठी दोन आठवडे लंडनला जायचं ठरलं, तेव्हा ती बॅगेत टाकली. एक शनिवार-रविवार मोकळा होता, आणि ज्या गावात तो स्पेक्ट्रम जन्मला ते गाव लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनपासून रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर होतं.

गाडीत वही उघडली. पहिल्या काही पानांवर बेसिक भाषेतला प्रोग्राम होता. मी शाळेत क्यूबेसिक शिकलो तेवढ्यावर तो सहज वाचता आला. चार अंशांच्या पटीतलं साइन घेऊन आठ पाकळ्यांचं फूल काढायचं, एकात एक अशी आठ फुलं, प्रत्येकाचे ३६० ठिपके. एकूण २,८८० ठिपके. या पानांवर काकांनी मोठी फुली मारली होती. पुढच्या पानावर ते प्रसिद्ध आकडे: ०, २, ३, ५, ७, ९, १०, १२, १४, १६, १७... मी शून्यापासून मोजत गेलो. तिसाव्या जागी ५०. साठाव्या जागी ८७. आणि शेवटचे सहाच्या सहा १००.

तीस अंशांचं साइन अर्धं असतं, हे दहावीत पाठ केलेलं. हा मटका नव्हता. शून्य ते नव्वद अंशांचं साइनचं कोष्टक होतं, शंभरानं गुणून पूर्णांकात बसवलेलं. काय आहे ते कळलं, पण कशासाठी हे नाही. संगणकाला साइन काढता येत असताना माणसानं ९१ आकडे हातानं का लिहावेत?

केंब्रिज स्टेशनवर उतरलात तर सायकली सांभाळा. गाव सपाट आहे आणि सायकलस्वार बेल वाजवण्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. पंचवीस मिनिटं चालत गेलं की जुनं गाव लागतं. किंग्ज परेड नावाच्या रस्त्यावर एका बाजूला किंग्ज कॉलेजचं भव्य चॅपल आणि समोर अरुंद, दाटीवाटीनं उभी दुकानं. त्यातल्या सहा नंबरमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीचं कार्यालय होतं. तिथून चर्चला वळसा घालून दोन मिनिटांत मार्केट हिल. नाव हिल, पण टेकडी कुठेच नाही. आपल्या मंडईसारखा सपाट चौक आणि फळांचे ठेले. इथल्या ४ए मध्ये १९७८ साली एकॉर्न कंपनी सुरू झाली. हर्मन हाउझर आणि क्रिस करी हे तिचे संस्थापक. यांतला करी आधी सिंक्लेअरकडेच होता. याच एकॉर्नचा बीबीसी मायक्रो १९८४ मध्ये भारत सरकारच्या 'क्लास' योजनेतून आपल्याकडच्या शाळांमध्ये आला. आपल्या आईबाबांच्या पिढीतल्या कुणी शाळेत पहिल्यांदा संगणक पाहिला असेल, तर तो या चौकातून निघालेला असण्याची बरीच शक्यता आहे. आमच्या पोळीत जशी समोरासमोर दोन फरसाणाची दुकानं आहेत, तशा या दोन कंपन्या एकमेकींवर डोळा ठेवून होत्या.

किंग्ज परेडच्या टोकाला सेनेट हाउस आहे. गणिताच्या परीक्षेचा निकाल इथे वाचून दाखवायची प्रथा आहे. १८९९ साली इथे रघुनाथ परांजप्यांचं नाव सीनियर रँग्लर म्हणून पुकारलं गेलं, असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. आजोबांच्या पिढीत 'रँग्लर' हे त्यांचं नावच झालं होतं. मी बाहेरून फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "जेवलास का?"

जेवलो, आणि अर्धा तास चालत 'सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरी' गाठलं. जुन्या कॉलेजांचा थाट इथे अजिबात नाही. गावाबाहेरच्या बाजूला, वर्कशॉपच्या वसाहतीत गोदामासारखी इमारत आहे. जाणार असाल तर कोणत्या वारी उघडं असतं ते आधी पाहून जा. आणि मुलांना जरूर न्या, कारण इथे 'हात लावू नये' अशा पाट्यांचा सुळसुळाट नाही. १९८० च्या दशकातला एक शाळेचा वर्ग जसाच्या तसा मांडला आहे, बाकांवर बीबीसी मायक्रो. एका बाजूला मेगाप्रोसेसर आहे. नखाएवढ्या चिपमध्ये जे चालतं तेच सुटे ट्रान्झिस्टर आणि हजारो दिवे लावून, सुमारे दहा मीटर लांबीच्या भिंतीवर उघडं करून दाखवलेलं. दिवे लागतात, विझतात. यंत्राला कळतं ते एवढंच. बाकी सगळ्या भाषा आपल्या सोयीसाठी.

एका कोपऱ्यात रबरी कळांचा स्पेक्ट्रम रिकामा दिसला. मी वही उघडून बसलो.

स्पेक्ट्रमवर टाइप करणं हा वेगळाच प्रकार आहे. शब्दाची अक्षरं लिहायची नाहीत. एफ दाबलं की 'फॉर' हा पूर्ण शब्द उमटतो, एल दाबलं की 'लेट', क्यू दाबलं की 'प्लॉट'. साइनसाठी दोन कळा एकदम दाबून मग पुन्हा क्यू. माझ्यासारख्या रोज दहा तास कीबोर्ड बडवणाऱ्याला वीस ओळींसाठी अर्धा तास लागला. शेजारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आपल्या आजोबांबरोबर येऊन उभी राहिली. "हे काय काढणार?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "फूल. आमच्याकडे दारासमोर काढतात तसं." तिनं मान हलवली. मी आर दाबलं.

एक ठिपका. दुसरा. तिसरा. पहिलं छोटं फूल पूर्ण व्हायला मिनिटाहून जास्त वेळ लागला. दुसरं अर्धं होईपर्यंत मुलगी दुसऱ्या गेमकडे पळाली. आजोबा सभ्यपणे आणखी थोडा वेळ थांबले. नऊ मिनिटांनी रांगोळी पूर्ण झाली, तेव्हा तिच्यासमोर मी एकटा होतो. १९८८ चा मंडप मला अक्षरशः दिसला.

एवढा वेळ का लागतो? स्पेक्ट्रममधलं बेसिक म्हणजे इंटरप्रिटर, दुभाषा. माझी आजी लग्न होऊन वाईहून वडोदऱ्याला आली तेव्हा तिला गुजराती येत नव्हतं. भाजीला जाताना ती लहानग्या भाऊकाकांना बरोबर न्यायची. ती मराठीत एक वाक्य बोलायची, काका ते गुजरातीत सांगायचे, मग पुढचं वाक्य. काल विचारलेलाच भाव आज विचारायचा असला, तरी पुन्हा पहिल्यापासून. इंटरप्रिटर हेच करतो. एकच ओळ २,८८० वेळा चालवायची असली, तर ती २,८८० वेळा वाचतो आणि समजून घेतो. स्पेक्ट्रमला 'अमुक ओळीवर जा' सांगितलं तर तो प्रोग्रामच्या पहिल्या ओळीपासून शोधत निघतो, जसा नवा पोस्टमन प्रत्येक पत्रासाठी पोळीच्या तोंडापासून घरं मोजत येईल.

कंपायलरचं तसं नाही. आजीनं नंतर एक युक्ती काढली. आठवड्याच्या किराण्याची चिठ्ठी काकांकडून एकदाच गुजरातीत लिहून घेतली. दर सोमवारी तीच चिठ्ठी दुकानदाराच्या हातात द्यायची, पाच मिनिटांत काम. कंपायलर संपूर्ण प्रोग्राम एकदाच यंत्राच्या भाषेत उतरवतो, मग दुभाष्याची गरज उरत नाही. तोटा एवढाच की चिठ्ठी आजीला स्वतःला वाचता येत नव्हती. तूरडाळ बंद करून मूगडाळ घालायची झाली तर पुन्हा काकाच लागायचे.

गंमत म्हणजे बेसिकचा जन्म कंपायलरसकट झालेला. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता अमेरिकेत हॅनोव्हर गावच्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांचं बेसिक पहिल्यांदा चाललं. तिथे आधी सगळा प्रोग्राम भाषांतरित व्हायचा आणि मग धावायचा. पण ते मोठं यंत्र होतं. घरगुती संगणक आले तेव्हा जागाच नव्हती. स्पेक्ट्रमचं सगळं बेसिक १६ के रॉममध्ये बसवलेलं. केंब्रिजच्याच नाइन टाइल्स या कंपनीनं ते लिहिलं. मूळ प्रोग्राम, त्याचं भाषांतर आणि भाषांतर करणारा, तिघांना एकदम ४८ के मेमरीत बसवणं अवघड. शिवाय नवशिक्याला ओळ लिहून लगेच चालवून पाहायची असते. म्हणून दुभाष्या.

तरीही घाईतली माणसं होतीच. ॲपल टूसाठी मायक्रोसॉफ्टनं १९८१ मध्ये कंपायलर काढला. स्पेक्ट्रमसाठी ऑक्सफर्ड कम्प्युटर सिस्टिम्सचा 'ब्लास्ट' आला, हायसॉफ्टचा 'हायसॉफ्ट बेसिक' आला. सॉफ्टेक कंपनी तर दोन वेगवेगळे विकायची, एक दशांशी संख्यांसाठी आणि एक फक्त पूर्णांकांसाठी.

ते 'फक्त पूर्णांक' आठवलं आणि वहीतलं कोडं सुटलं.

स्पेक्ट्रममध्ये साइन काढायचं म्हणजे पाच बाइटांच्या दशांशी संख्या घेऊन लांबलचक गणिती मालिका सोडवायची. कंपायलर लावला तरी तो शेवटी रॉममधली तीच मालिका चालवतो. दुभाष्या गेला तरी हिशेब तेवढाच हळू. खरा वेग हवा असेल तर दशांश सोडून पूर्णांकांवर यायचं. मग ±३२ हजारांच्या आसपासची मर्यादा पाळावी लागते. काकांच्या सर्वांत मोठ्या फुलाची त्रिज्या ८० ठिपक्यांची. साइन हजारानं गुणलं तर ८०,००० होतात, मावत नाहीत. शंभरानं गुणलं तर ८,०००, आरामात मावतात. शिवाय शंभरापर्यंतचा आकडा एका बाइटात बसतो. वहीतला दुसरा प्रोग्राम ते आकडे मेमरीत पोक करून ठेवतो आणि लागेल तेव्हा पीक करून वाचतो. साइनचं नावही नाही. शाळेत प्रोग्रामिंग न शिकलेल्या माझ्या काकांनी हे सगळं एका वर्षात स्वतः शोधलं होतं. म्हणजे त्यांच्याकडे कंपायलर होता. मग १९८९ मध्ये झालं काय?

त्याच वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला संग्रहालयातल्या कुणीतरी कॅसेटवरून गेम चढवायला घेतला. आधी एक लांब, सरळ किंकाळी, आणि मग कर्कश खरखर. माझ्या अंगावर काटा आला. हा आवाज मला पाठ होता.

आमच्या घरी माझ्या बारशाची कॅसेट आहे, ऑगस्ट १९८९ ची. आजी पाळणा म्हणते, बायका नाव ठेवतात, आत्या कानात कुर्रर करते. शेवटी आजी "पुरे आता, बंद कर" म्हणते, आणि त्यानंतर दहा-बारा सेकंद अशीच खरखर. आम्ही नेहमी समजायचो की टेप खराब झाली आहे.

टेप खराब नव्हती. बारशाखाली काकांची रांगोळी होती.

रात्री खोलीवर बसून लॅपटॉपवर स्पेक्ट्रमचा एम्युलेटर लावला, वेग मूळ यंत्राइतकाच ठेवला. आधी वहीतला दुसरा प्रोग्राम कंपायलरशिवाय चालवला: सुमारे तीन मिनिटं. म्हणजे नऊची तीन तर नुसत्या कोष्टकानं झाली होती, ती करामत कंपायलरची नव्हे, काकांची. मग हायसॉफ्ट बेसिक चढवलं, कोणते चल पूर्णांक आहेत ते वरच्या 'रेम' ओळीत सांगितलं, कंपाइल केलं आणि चालवलं.

आठ सेकंदांच्या आत संपूर्ण रांगोळी. मध्यापासून बाहेर उमलत गेली.

रविवारी सकाळी सातला व्हिडिओ कॉल लावला. वडोदऱ्यात साडेअकरा वाजले होते. काका आता ७८ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. काकूंनी फोन समोर धरला. मी काही न बोलता लॅपटॉपचा पडदा दाखवला आणि कळ दाबली. रांगोळी झाली. काका बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावली.

मी मोठ्यानं विचारलं, "काका, तुमची कॅसेट माझ्या बारशाला वापरली ना?"

"कोरी कॅसेट मिळेना त्या दिवशी," ते म्हणाले. "आईला पाळणा रेकॉर्ड करायचा होता. तुझ्या बापानं टेबलावरची उचलली. त्याला काय माहीत?"

"तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून काय? त्याच्या तोंडचा आनंद घालवायचा? आणि पाळणा एकदाच होतो. रांगोळी पुन्हा काढता येते, वही होती की."

"मग काढली का नाहीत?"

"कंपायलरही त्याच कॅसेटवर होता. मित्राकडून पुन्हा आणेपर्यंत विसर्जन झालं. पुढच्या वर्षी मंडळानं व्हिडिओ लावला." जरा थांबून म्हणाले, "ते आकडेही मशीननंच काढून दिलेले. छापायला प्रिंटर नव्हता म्हणून उतरवून ठेवले. कॅसेटचा काय भरवसा?"

मी रोज जे काम करतो त्यात शेकडो लोकांचा कोड एका कळीनं कंपाइल होतो, आणि मूळ कोड कुठे जपून ठेवलाय याचा आम्ही सतत घोर लावून घेतो. चालणारा प्रोग्राम गेला तर तासाभरात पुन्हा बनतो, मूळ लिखाण गेलं तर काहीच उरत नाही. काकांनी हे शाईच्या पेनानं करून ठेवलं होतं आणि आम्ही पस्तीस वर्षं त्यावर विनोद करत होतो. तुमच्या घरीही माळ्यावर अशी एखादी वही असेल, हिशेबाची, लोणच्याच्या प्रमाणांची, कुठल्यातरी आकड्यांची. ज्यांनी ती लिहिली त्यांना एकदा विचारून घ्या.

मी फोन ठेवणार तेवढ्यात काका म्हणाले, "थांब. मधलं फूल जांभळं का आलंय? मी कुंकवाचा लाल घातला होता."

वही पाहिली. इंकसमोर २ होता, शाई फुटून ३ सारखा दिसत होता. स्पेक्ट्रमवर २ म्हणजे लाल, ३ म्हणजे जांभळा. मी आकडा बदलला, पुन्हा कंपाइल केलं आणि कळ दाबली. आठ सेकंद काका गप्प होते.

"हां," ते म्हणाले. "आता झाली."